लॉगिनचा नाद गेला कुठं? लिनक्स डेस्कटॉपवर सुरुवातीचा आवाज येत नसेल तर

पासवर्ड टाकला, डेस्कटॉप समोर आला, पण आवाज नाही. यूट्यूब वाजतंय, पेनड्राइव्हमधली गाणी वाजतायत, गप्प आहे तो फक्त लॉगिनचा आवाज. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपात कॉम्प्युटर कोपऱ्यात आणि माणूस लेथवर पाठमोरा असतो. तिथं हा आवाज म्हणजे ‘मशीन तयार आहे, या’ असा निरोप असतो. ओर्का हा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन माणसाला तर त्यावरूनच कळतं की आता टाइप करायला हरकत नाही. त्यामुळं ‘नसला तर काय बिघडतंय’ म्हणून सोडून देण्याइतकी ही बाब किरकोळ नाही.

अशा वेळी साउंड कार्ड आणि ड्रायव्हर बहुधा ठणठणीत असतात. घोळ बहुतेकदा तीनपैकी एका जागी असतो: वाजवायची फाइलच सापडत नाही, किंवा सापडते पण वाजायची वेळ चुकते, किंवा वाजते पण आवाज भलत्याच दारानं जातो. हे तीन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की दिवस वाया जातो.

कमांडबद्दल आधीच एक सूचना. खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथं सगळी अक्षरं स्मॉल. ‘डॅश’ लिहिलंय तिथं आडवी रेघ, ‘अंडरस्कोर’ लिहिलंय तिथं खालची रेघ, ‘डॉट’ लिहिलंय तिथं टिंब. जिथं माउसनं काम होतं तिथं माउसचाच रस्ता सांगितला आहे.

पहिली चाचणी: एक मिनिट थांबा

लॉगिन करा आणि पूर्ण एक मिनिट काही करू नका. मग लॉगिनला जी फाइल वाजायला हवी तीच हातानं वाजवा. टर्मिनल उघडून ‘पीएप्ले’ टाइप करा, एक स्पेस द्या, आणि फाइल मॅनेजरमधून ती फाइल ओढून टर्मिनलवर सोडा. पूर्ण पत्ता आपोआप उमटतो, चुकण्याचा प्रश्न येत नाही. आता एंटर.

लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर ही फाइल यूएसआर, त्यात शेअर, त्यात मिंट डॅश आर्टवर्क, त्यात साउंड्स या फोल्डरात असते. दुसऱ्या डिस्ट्रोवर (म्हणजे लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारावर) यूएसआर, शेअर, साउंड्स इथं शोधा.

इथं ‘एप्ले’ वापरू नका. ती कमांड वेव्हसारख्या साध्या फाइलींसाठी आहे. तिला ओजीजी ही दाबून लहान केलेली फाइल दिली तर ती फाइलीतले बाइट कच्चा आवाज समजून तसेच वाजवते आणि खरखराट ऐकू येतो. मग माणूस ‘स्पीकर गेला’ म्हणून दुकान गाठतो.

फाइल हातानं नीट वाजली तर अडचण सेटिंगची किंवा वेळेची आहे. ‘नो सच फाइल’ असं उत्तर आलं तर फाइल किंवा तिचा पत्ता चुकला. कमांड बिनतक्रार चालून संपली आणि कानावर काहीच आलं नाही, तर आवाज भलत्याच दारानं बाहेर पडतोय. त्याचंच आधी बघू, कारण सेकंडहँड ऑफिस डेस्कटॉपांवर हे फार घडतं.

आवाज मॉनिटरकडे जातोय का?

एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टनं जोडलेला मॉनिटर लिनक्सला आवाजाचं एक आउटपुट म्हणूनही दिसू शकतो, मग त्या मॉनिटरला स्पीकर असो वा नसो. डिफॉल्ट आउटपुट तिकडं गेलं की लॉगिनचा आवाज मुक्या मॉनिटरमध्ये जिरतो.

‘पण मग यूट्यूब कसं वाजतं?’ हा प्रश्न रास्त आहे. साउंड सर्व्हर, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांचा आवाज कार्डापर्यंत पोचवणारा प्रोग्राम, प्रत्येकाचं आउटपुट वेगळं लक्षात ठेवतो. कधीतरी तुम्ही फायरफॉक्सचा आवाज हातानं स्पीकरकडे वळवलेला असतो, ते त्याच्या नावावर टिकून राहतं. सिस्टिमच्या आवाजांना मात्र कुणी वळवलेलं नसतं. ते डिफॉल्टच्या मागं जातात.

उपाय असा. ‘पाव्ह्यूकंट्रोल’ हा प्रोग्राम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाका. मेन्यूत तो पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल या नावानं दिसतो, आणि पाइपवायर हा नवा साउंड सर्व्हर असलेल्या मशीनवरही चालतो. कॉन्फिगरेशन टॅबमध्ये जाऊन एचडीएमआयच्या कार्डाचं प्रोफाइल ऑफ करा. एकाच कार्डात दोन्ही असतील तर अ‍ॅनालॉग स्टिरिओचं प्रोफाइल निवडा. मग आउटपुट डिव्हाइसेस टॅबमध्ये आपल्या स्पीकरसमोरच्या हिरव्या खुणेवर क्लिक करून त्याला डिफॉल्ट करा.

त्याच खिडकीत प्लेबॅक टॅबवर ‘सिस्टिम साउंड्स’ नावाची पट्टी असते. काही वाजत नसतानाही ती दिसते, आणि ती म्यूट किंवा शून्यावर असली तर मुख्य व्हॉल्यूम शंभरावर असूनही लॉगिनचा आवाज येणार नाही. मेसेजची टिंगटिंग नको म्हणून कुणीतरी हीच पट्टी बंद केलेली असते आणि ती सेटिंग पुढच्या लॉगिनलाही कायम राहते. दोन क्लिकचं काम, पण लक्षात यायला दोन दिवस लागतात.

आणखी एक मधला थर राहिला: टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’. एफ६ दाबून खरं कार्ड निवडा. मास्टर, फ्रंट किंवा स्पीकर या खांबांखाली एमएम दिसलं तर तो म्यूट आहे. बाणानं तिथं जाऊन एम दाबा, ओओ झालं की उघडला. पुढच्या पॅनलला हेडफोनची पिन अडकवलेली असली की मागचे स्पीकर आपोआप बंद होतात. दोन्ही हवे असतील तर याच पडद्यावर उजवीकडे ‘ऑटो म्यूट मोड’ असतो, तो डिसेबल्ड करा.

कुठल्या डेस्कटॉपवर स्विच कुठं

सिनॅमन: सिस्टिम सेटिंग्ज, साउंड, त्यात साउंड्स टॅब. ‘स्टार्टिंग सिनॅमन’ ही ओळ चालू हवी. शेजारच्या प्ले बटणानं फाइल वाजून बघता येते. जुन्या आवृत्तीवरून वर चढवलेल्या मशीनवर किंवा जुनं होम फोल्डर उचलून आणलेल्या मशीनवर इथं बंद पडलेल्या फोल्डरचा पत्ता राहिलेला असू शकतो. फाइलच्या नावावर क्लिक करून नव्यानं निवडा.

विंडोजशेजारी लिनक्स टाकलेल्यांसाठी इथं एक खास खड्डा आहे. गाणी डी ड्राइव्हवर, म्हणून लॉगिनची फाइलही तिथलीच निवडली जाते. ते पार्टिशन फाइल मॅनेजरमध्ये क्लिक केल्यावरच जोडलं जात असेल, तर लॉगिनच्या क्षणी ती फाइल अस्तित्वातच नसते. एक मिनिटानं चाचणी करताना मात्र पार्टिशन उघडलेलं असतं आणि फाइल झकास वाजते. लॉगिनची फाइल नेहमी होम फोल्डरात ठेवा.

केडीई प्लाझ्मा: सिस्टिम सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स, तिथून अ‍ॅप्लिकेशन सेटिंग्ज, प्लाझ्मा वर्कस्पेस, कॉन्फिगर इव्हेंट्स, आणि यादीत लॉगिन. ‘प्ले अ साउंड’ची खूण आणि फाइल, दोन्ही तपासा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या प्लाझ्मा ६ मध्ये ओशन ही नवी साउंड थीम आली आणि सिस्टिम साउंड्स हे वेगळं पान आलं. तिथं थीम निवडलेली आणि आवाज चालू आहेत ना, हे आधी बघा.

एक्सएफसीईमध्ये लॉगिनचा आवाज अशी तयार सोयच नाही. अपिअरन्समधल्या सेटिंग्ज टॅबवर ‘इनेबल इव्हेंट साउंड्स’ असतं, पण ते बटणं आणि सूचनांच्या आवाजासाठी. ग्नोममध्येही आता सेटिंगमध्ये असं बटण नाही. या दोघांना स्वतः ऑटोस्टार्ट, म्हणजे लॉगिन झाल्यावर आपोआप चालणारी कमांड, लावावा लागतो, ते पुढे.

नाव बरोबर, फाइल नाही

जुने सल्ले वाचून बरेच जण लॉगिनला ‘कॅनबेरा डॅश जीटीके डॅश प्ले’ ही कमांड लावतात आणि तिला डॅश आय देऊन ‘डेस्कटॉप डॅश लॉगिन’ हे नाव देतात. हे फाइलचं नाव नाही, प्रसंगाचं नाव आहे. लिबकॅनबेरा ही लायब्ररी चालू साउंड थीममध्ये त्या प्रसंगाची फाइल शोधते. थीमच्या फोल्डरात नाही मिळाली तर ती थीम जिचा वारसा सांगते त्या थीममध्ये, आणि शेवटी फ्रीडेस्कटॉप या मूळ थीममध्ये.

खोच इथंच आहे. फ्रीडेस्कटॉपच्या मूळ थीममध्ये ‘सर्व्हिस डॅश लॉगिन’ आहे, पण ‘डेस्कटॉप डॅश लॉगिन’ नाहीच. उबुंटूच्या जुन्या थीममध्ये ती होती, म्हणून तेव्हा ही कमांड चालायची. थीम बदलली, पॅकेज गेलं, कमांड मात्र तीच राहिली. तपासायला हीच कमांड टर्मिनलमध्ये द्या. एकदा डेस्कटॉप डॅश लॉगिन, एकदा सर्व्हिस डॅश लॉगिन. दुसरी वाजली आणि पहिली नाही, तर निदान झालं. ऑटोस्टार्टमधलं नाव बदला किंवा सरळ फाइलचाच पत्ता द्या. आम्ही दुसरा मार्ग सुचवू. थीमच्या भानगडीत न पडलेलं बरं.

थीम स्वतःच बनवलेली असेल तर आणखी तीन गोष्टी. तिच्या फोल्डरात ‘इंडेक्स डॉट थीम’ ही फाइल हवी; ती नसेल तर ते फोल्डर थीम म्हणून ओळखलंच जात नाही. प्रसंगाच्या नावाची ‘डॉट डिसेबल्ड’ शेपटीची रिकामी फाइल तिथं असेल तर तो आवाज मुद्दाम बंद केलाय असा अर्थ होतो. आणि होममधल्या डॉट कॅश फोल्डरात ‘इव्हेंट डॅश साउंड डॅश कॅश’नं सुरू होणारी फाइल असते, तिच्यात आधीच्या शोधाची नोंद ठेवलेली असते. फाइली हलवल्यानंतरही जुनंच वागणं दिसलं तर ती उडवा, नवी आपोआप तयार होते.

वेळेचा घोळ

हातानं वाजतं, स्विच चालू आहे, फाइल जाग्यावर आहे, तरी लॉगिनला शांतता. किंवा एक दिवस वाजतं, एक दिवस नाही. हे वेळेचं लक्षण.

लॉगिन झालं की तुमच्या नावानं साउंड सर्व्हर सुरू होतो. पूर्वी हे काम पल्सऑडिओ करायचा. फेडोरानं आवृत्ती ३४ पासून, उबुंटूनं २२.१० पासून आणि मिंटनं जुलै २०२४ मध्ये आलेल्या आवृत्ती २२ पासून ते पाइपवायरकडे दिलं. पाइपवायरसोबत वायरप्लंबर असतो. कुठली कार्डं आहेत, कुठलं आउटपुट डिफॉल्ट, हे तोच ठरवतो. त्याला कार्डं ओळखायला थोडा वेळ लागतो. तोवर ‘डमी आउटपुट’ नावाचं नाटकी आउटपुट उभं असू शकतं. त्याच क्षणी लॉगिनचा आवाज आला तर तो त्या डमीत वाजतो. नियमाप्रमाणे वाजतो, पूर्ण वाजतो, कुठंही एरर नाही. आपल्या कानाला मात्र शून्य. लॉगमध्ये काही सापडत नाही ते त्यामुळंच.

ऑटोलॉगिन लावलेल्या मशीनवर हे जास्त होतं, कारण पासवर्ड टाकण्यात जाणारे चार-पाच सेकंदही मिळत नाहीत आणि यूएसबी स्पीकर अजून ओळखला जात असतो. जुनी हार्ड डिस्क असेल तर सगळंच रेंगाळतं. ब्लूटूथ स्पीकर लॉगिननंतर काही सेकंदांनी जोडला जातो, त्यामुळं त्याच्याकडून लॉगिनच्या आवाजाची अपेक्षा न धरलेली बरी.

खात्री करायची तर लॉगिननंतर लगेच टर्मिनलमध्ये ‘पीएसीटीएल इन्फो’ द्या. ‘डिफॉल्ट सिंक’च्या (सिंक म्हणजे आउटपुट) ओळीत ‘ऑटो नल’ आलं तर डमी चालू आहे. थोड्या वेळानं पुन्हा द्या, खऱ्या कार्डाचं नाव यायला हवं. याच उत्तरात ‘सर्व्हर नेम’ची ओळ असते, तिच्यात ‘ऑन पाइपवायर’ असं लिहिलेलं असलं तर मशीन पाइपवायरवर आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर सर्व्हरच उठलेला नाही. मग ‘सिस्टिमसीटीएल डॅश डॅश युजर स्टेटस’ आणि पुढे पाइपवायर, पाइपवायर डॅश पल्स, वायरप्लंबर ही तीन नावं देऊन कुठला लाल आहे ते बघा. या कमांडला सुडो लावायचं नाही; सुडो लावलं की ती रूटचं सेशन शोधते आणि उत्तर भलतंच येतं.

इलाज सोपा: डेस्कटॉपचा स्वतःचा आवाज बंद करायचा आणि आपला थोडा उशिरा वाजवायचा.

सिनॅमनमध्ये स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्स उघडा, खालच्या अधिक चिन्हातून कस्टम कमांड निवडा. नाव काहीही द्या, कमांडमध्ये पीएप्ले आणि फाइलचा पूर्ण पत्ता, आणि डिलेमध्ये आधी १० सेकंद. लॉग आउट करून पुन्हा लॉगिन करा. नुसतं सिनॅमन रिस्टार्ट करून ही चाचणी होत नाही, सेशन नव्यानं सुरू व्हायला हवं. १० ला वाजलं तर ६ करून बघा, मग ४. ज्या आकड्याला तीनदा ओळीनं वाजेल त्यात एक सेकंद मिळवून सोडून द्या. एसएसडीवर तीन-चार सेकंद बहुतेकदा पुरतात. दहालाही वाजलं नाही तर अडचण वेळेची नाही, वर जा.

एक्सएफसीईमध्ये हेच सेशन अँड स्टार्टअपमधल्या अ‍ॅप्लिकेशन ऑटोस्टार्ट टॅबवर होतं, ट्रिगर ‘ऑन लॉगिन’ ठेवून. तिथं डिलेचा रकाना नाही, म्हणून कमांडच अशी द्यायची: ‘एसएच डॅश सी’, मग दुहेरी अवतरणात ‘स्लीप ४’, अर्धविराम, आणि पुढे पीएप्ले व फाइलचा पत्ता. ग्नोमवरही हीच ओळ चालते; तिथं होममधल्या डॉट कॉन्फिग, ऑटोस्टार्ट या फोल्डरात डॉट डेस्कटॉप फाइल ठेवावी लागते. ती हातानं लिहित असाल तर एक्झेकच्या ओळीत होमऐवजी टिल्ड चिन्ह चालत नाही, पूर्ण पत्ताच हवा. फाइलच्या नावात स्पेस ठेवू नका, आणि टक्क्याचं चिन्ह तर नकोच, कारण त्या ओळीत त्याला वेगळा अर्थ आहे.

आवाज येतो, पण अर्धाच

‘ढण्ण’ऐवजी नुसतं ‘ण्ण’ ऐकू येतं. इंटेलच्या एचडी ऑडिओ चिपला वीज वाचवायला झोपवलेलं असतं. आवाज आला की ती उठते, आणि उठेपर्यंतचा तुकडा गिळला जातो. एचडीएमआयवर मॉनिटर किंवा टीव्हीला आवाज पकडायला वेळ लागतो, तिथं सेकंदभरही जाऊ शकतं. लॉगिनचा सगळा आवाजच दोन सेकंदांचा, त्यामुळं हे खटकतं. गाण्यात कळतही नाही.

यावर साउंड ड्रायव्हरच्या मोड्युलच्या सेटिंगमध्ये पॉवर सेव्ह शून्य करा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. डेस्कटॉपवर तो चालेल. ईटीसी, मॉडप्रोब डॉट डी या फोल्डरात डॉट कॉन्फ शेपटीची फाइल करून ‘ऑप्शन्स एसएनडी अंडरस्कोर एचडीए अंडरस्कोर इंटेल पॉवर अंडरस्कोर सेव्ह=०’ ही ओळ लिहायची आणि मशीन रिस्टार्ट करायचं. लॅपटॉपवर टीएलपी हा बॅटरी वाचवणारा प्रोग्राम असेल तर तो स्वतःचंच मूल्य लिहितो आणि तुमची ओळ वाया जाते.

आमच्या मते त्याहून सरळ उपाय म्हणजे फाइलच्या सुरुवातीलाच एक सेकंद शांतता जोडणे. ऑडॅसिटीत फाइल उघडा, कर्सर अगदी सुरुवातीला न्या, जनरेट मेन्यूतून सायलेन्स, १ सेकंद, ओजीजी म्हणून एक्सपोर्ट. चिप झोपेतून उठते ती या शांततेत. एचडीएमआयला दीड-दोन सेकंद ठेवा. सिस्टिमला हात न लावता काम होतं आणि पुढच्या अपडेटला काही मोडत नाही.

हलगी लावायची असेल तर

कोल्हापुरात लॉगिनला परदेशी टुंगटुंग कशाला, हलगीचा एक ठेका लावला तर नाद खुळा. फक्त मोबाइलवर रेकॉर्ड केलेली फाइल बहुधा एम४ए असते आणि पीएप्लेला ती चालत नाही; पीएप्ले ज्या लायब्ररीवर उभी आहे तिला एम४एमधलं एएसी वाचता येत नाही. एमपी३ सुद्धा त्या लायब्ररीच्या २०२२ च्या आवृत्तीपासूनच चालतं. ओजीजी किंवा वेव्ह करून घ्या. ऑडॅसिटीनं एम४ए उघडायला नकार दिला तर एफएफएमपेग टाका.

हलगीचा पहिला टोला फार चढा असतो. ऑडॅसिटीत नॉर्मलाइझ करून शिखर उणे सहा डेसिबलवर आणा, नाहीतर सकाळी शटर उघडल्या उघडल्या शेजारचा दचकेल. लांबी शांततेसकट तीन सेकंदांच्या आत. ओर्का वापरणाऱ्यांच्या मशीनवर खरा आवाज एका सेकंदात संपवा. ओर्काचं बोलणं आणि हलगी एकत्र आली की दोन्ही कळत नाहीत.

पासवर्डच्या पडद्यावरच आवाज हवा असेल

तो वेगळा विषय आहे, कारण त्या वेळी तुम्ही लॉगिन झालेलेच नसता. मिंटवर तो पडदा स्लिक ग्रीटर हा प्रोग्राम दाखवतो. ईटीसी, लाइटडीएम फोल्डरातल्या ‘स्लिक डॅश ग्रीटर डॉट कॉन्फ’मध्ये ‘प्ले डॅश रेडी डॅश साउंड’ या नावापुढे बरोबरचं चिन्ह देऊन फाइलचा पत्ता लिहायचा. ग्रीटर लाइटडीएम नावाच्या युजरखाली चालतो. उबुंटू २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर ७५० परवानगीनं तयार होतं, म्हणजे परक्याला आत डोकावता येत नाही. होममधली हलगी ग्रीटरला दिसणारच नाही. फाइल यूएसआर, लोकल, शेअर, साउंड्स इथं ठेवा आणि सगळ्यांना वाचता येईल अशी ६४४ परवानगी द्या.

शाळेच्या किंवा क्लासच्या लॅबमध्ये प्रत्येक युजरला तोच आवाज हवा असेल तरी हीच जागा वापरा, आणि डॉट डेस्कटॉप फाइल प्रत्येकाच्या होमऐवजी ईटीसी, एक्सडीजी, ऑटोस्टार्टमध्ये एकदाच टाका. वीस मशीन एकदम चालू होणार असतील तर आवाज दोन-तीन मशीनवरच ठेवलेला बरा.

ऑडिओ ग्रुपमध्ये युजर घाला, अल्सा पुन्हा टाका, पल्सऑडिओ पुन्हा टाका, हे सल्ले या दुखण्यावर लागू नाहीत. समोर बसलेल्या युजरला कार्डाची परवानगी लॉगिनसोबत आपोआप मिळते. उलट ऑडिओ ग्रुपमधला दुसरा युजर मागे लॉगिन राहिला तर तो कार्ड अडवून बसू शकतो. आणि पाइपवायरच्या मशीनवर पल्सऑडिओ पुन्हा टाकलात तर एका कार्डासाठी दोन मालक भांडायला लागतील. तसं आधीच केलं असेल तर पल्सऑडिओचं मूळ पॅकेज काढून टाका, पाव्ह्यूकंट्रोल तेवढा राहू द्या, आणि रिस्टार्ट करून पहिल्या चाचणीपासून सुरू करा.